जड पेडल

सावकाश मिस्त्रीचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचण्याइतकी सवड असलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे कधी आलंच नाही. ट्रॅक्टर बंद पडलेला माणूस धापा टाकत यायचा. हा गडी आधी हात पुसायचा, मग चष्मा पुसायचा, आणि मग म्हणायचा, "बघू सावकाश." तेच नाव पडलं. लोक म्हणत, याच्याकडे ट्रॅक्टर दिला की शेजाऱ्याचं पीक गुडघ्याला लागल्यावरच परत मिळतो. पण त्याने केलेलं काम पुन्हा काढावं लागत नसे. त्यामुळे चेष्टा करणारेच पुढच्या खेपेला त्याच्या दारात उभे असत.

त्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. काका-काकू त्याचे सख्खे कुणी नव्हते. काकांचं शेत आणि मिस्त्रीच्या वडिलांचं शेत बांधाला बांध लागून, एवढंच नातं. वडील गेले, ते शेतही दुसऱ्याकडे गेलं, तरी काका काकाच राहिले.

"अरे, ट्रॅक्टर उजवीकडे ओढतोय," काकू म्हणाल्या. "मागच्या चाकातून जळका वास येतो, धूर येतो. परवा फाटकाचा खांब आडवा केला. आजच ये. आणि कृपा करून सावकाश येऊ नकोस."

तो पोचला तेव्हा काकू त्या आडव्या खांबापाशीच उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या स्कूटरचं हँडल धरलं आणि आवाज खाली आणला.

"आत जायच्या आधी ऐक. लेक येतेय उद्या. तिचं म्हणणं, बाबांनी आता ट्रॅक्टरवर बसायचं नाही. शहरात बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतेय. आणि यांनी तिला शब्द देऊन ठेवलाय. म्हणे, मिस्त्रीला बघू दे. ब्रेकमध्ये खोट निघाली तर ठीक, नाहीतर माझ्या पायात खोट. मग किल्ली तुझ्या हातात."

"मग?"

"मग काय! ब्रेकमध्ये खोट निघाली पाहिजे. नसली तरी निघाली म्हणून सांग."

काका गेल्या वर्षी माळ्याच्या शिडीवरून पडले होते. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. चार महिने पलंगावर, पुढचे चार महिने कुबड्यांवर. ट्रॅक्टरवर पुन्हा बसायला लागून दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत ते जेवायला लागले, भांडायला लागले, सकाळी गुणगुणायला लागले. हे सगळं काकूंनी एका दमात सांगितलं आणि हँडल सोडलं. मिस्त्रीने चष्मा पुसला, "बघू सावकाश" म्हणाला आणि शेडकडे निघाला.

शेड घराला लागूनच होती. वर पत्रे, खाली फरशी, भिंतीवर हत्यारं मापाप्रमाणे टांगलेली. ट्रॅक्टर तीस वर्षांचा होता, पण असा लख्ख की बॉनेटमध्ये तोंड दिसावं. काका त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आधी काकूंना चहाला पिटाळलं आणि त्यांची पावलं आत गेल्याची खात्री करून घेतली.

"तिने फाटकापाशी तुला पढवलंच असेल," ते म्हणाले.

मिस्त्री पुन्हा चष्मा पुसायला लागला.

"राहू दे तो चष्मा. माझं ऐक. पेडल दाबताना मला मांडीवर हात ठेवून जोर लावावा लागतो. पहिल्या दिवसापासून. कुणाला बोललो नाही. परवा फाटकात शिरताना दाबलं तर अर्धंच गेलं, आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळला. त्या खांबाच्या पलीकडे ही उभी होती. खांब होता म्हणून." हातातली किल्ली काकांनी दोनदा या हातातून त्या हातात घेतली. "तेव्हा उगाच ब्रेकवर ढकलू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं, असं मला माझ्याच घरात म्हणवून घ्यायचं नाही. पाय गेला असेल तर गेला म्हण. फक्त हिच्यासमोर तू म्हण. मला नाही रे सांगता येत हिला."

आता आली का पंचाईत! काकूंना खोटं हवं होतं, काकांना खरं हवं होतं, आणि दोघांनाही ते मिस्त्रीच्याच तोंडून हवं होतं. त्याला इतकंच कळलं की आज आपण जे बोलू ते उद्या लेकीला सांगितलं जाणार, आणि मग हा माणूस या सीटवर बसणार किंवा कधीच बसणार नाही. तो पुढच्या चाकांना दगड लावायला वाकला.

मागचं उजवं चाक त्याने जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. जागचं हलेना. डावं चाक उचललं तर तेही घासत फिरलं, पण फिरलं. म्हणजे पेडलवर पाय नसतानाही ब्रेक धरूनच बसले होते, आणि उजवा जास्त. त्याने पायरीखाली डोकं घातलं. ट्रॅक्टरला उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पेडलं असतात, मागच्या दोन चाकांना एकेक. प्रत्येक पेडलपासून एकेक रॉड मागे त्या त्या चाकाच्या ब्रेककडे जातो, आणि रॉडच्या टोकाला एक नट असतो. तो आवळला की ब्रेक लवकर लागतो, जास्त आवळला की सुटतच नाही. पेडल दीड-दोन बोटं तरी नुसतंच खाली गेलं पाहिजे, त्यानंतर ब्रेक लागला पाहिजे. इथे अर्धं बोटही मोकळं नव्हतं.

त्याने टॉर्च जवळ नेली. डाव्या नटावर पान्याचे स्वच्छ ठसे होते. उजव्या नटावर तेच ठसे, आणि त्यांच्यावर पकडीच्या दातांनी कुरतडलेले कोपरे. मिस्त्री बराच वेळ ते कोपरे बघत राहिला. काका नटाला पकड लावणाऱ्यातले नव्हते. "नटाला पकड लावणाऱ्याच्या हातात चमचासुद्धा देऊ नये," हे त्यांचंच वाक्य, आणि लहानपणी त्या वाक्यासोबत मिस्त्रीने त्यांची एक टपलीही खाल्ली होती.

काकू चहा घेऊन आल्या. मिस्त्री ट्रॅक्टरखालून बाहेर सरकला आणि फरशीवरच बसून कप हातात घेतला.

"या नटांना कुणी हात लावला होता?" त्याने विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. काका छताकडे बघायला लागले आणि काकू रिकाम्या ट्रेकडे.

"मी," शेवटी काका म्हणाले. "ही बाजारात गेली होती तेव्हा. दोन्हीकडे चार-चार आटे. मोजून."

"आणि पकडीने?"

"पकड?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "मी नटाला पकड लावीन? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

दोघांचीही नजर काकूंकडे गेली.

"असे बघू नका," काकू म्हणाल्या. "तुम्ही दुपारी झोपला होतात. पाने सगळे सारखेच दिसतात मला. पकड हाताला लागली, ती घेतली. तीन वेळा फिरवला."

"उजवाच?"

"मला काय माहीत डाव्यालाही असतो ते! मागे एकदा मला टॉर्च धरून उभी केली होतीत, तेव्हा हाच फिरवत होतात ना? तोच मी फिरवला."

मिस्त्रीला हसू आलं. चार आटे नवऱ्याचे, त्यावर तीन आटे बायकोचे, दोघेही एकमेकांपासून लपून. ट्रॅक्टर बिचारा उजवीकडे ओढणार नाही तर काय करणार? पण काका हसले नाहीत.

"अगं, पण तू कशाला फिरवलास?"

"मांडीवर हात ठेवून दाबता तुम्ही पेडल. मला दिसत नाही का? वाटलं, जरा हलकं होईल."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

काका खाली बसले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मग झालं तर. नट आपण दोघांनी बिघडवला, तो हा सोडवील. पण मी फिरवला का? पेडल दाबलं जात नव्हतं म्हणून. तूही त्याच्यासाठीच फिरवलास. म्हणजे मूळ दुखणं पायातच. काय रे?"

प्रश्न मिस्त्रीला होता. काकू त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत फाटकापाशी सांगितलेलं सगळं होतं. हिशेब तर बिनचूक होता. मान हलवायची, एवढंच उरलं होतं, आणि ती हलणारही होती.

पण त्याला वडील आठवले. ते जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी रोपांची अख्खी एक रांग चाकाखाली घातली होती. तेव्हा हा सावकाश नव्हता, दुकान नवीन होतं आणि दहा कामं खोळंबली होती. उभ्या उभ्या तो म्हणाला होता, "बाबा, झालं आता," आणि किल्लीसाठी हात पुढे केला होता. वडिलांनी किल्ली दिली. वाद घातला नाही. त्यानंतर ते शेडकडे फिरकले नाहीत, आणि हळूहळू ओट्यावरही येईनासे झाले. त्यांची नजर गेली होती हे खरंही असेल. पण त्याने ना त्यांचे डोळे तपासून घेतले, ना त्या ट्रॅक्टरच्या खाली वाकून पाहिलं. ही बोच त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून पुन्हा खाली सरकला.

त्याने दोन्ही रॉड पेडलांपासून सोडवले. परत खेचणाऱ्या स्प्रिंगाही काढल्या. आता त्या पेडलांचा ब्रेकशी काही संबंध उरला नव्हता. आडव्या दांड्यावर बसवलेले ते दोन नुसते लोखंडी पाय होते, बोटाने ढकलले तरी झुलायला हवे होते. त्याने बोटाने ढकलून पाहिलं, मग तळव्याने. मग उठून सीटवर बसला आणि आपला धडधाकट पाय पेडलवर ठेवून दाबलं. पाठ टेकवावी लागली तेव्हा कुठे ते करकरत खाली गेलं, आणि गेलं ते तिथेच राहिलं.

"काका," तो वरूनच म्हणाला, "अंगण खरंच वाकडं आहे."

"हिने पढवलंय तेच बोलतोस."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? काकू, या इकडे. हे पेडल हाताने वर ओढा."

काकूंनी एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं, मग पायरीवर पाय रोवून ओढलं. पेडल हललं नाही. काका कधी खुर्चीतून उठून जवळ आले ते कुणाला कळलं नाही. त्यांनी स्वतः हात घातला. कपाळावरची शीर फुगली, आणि पेडल बोटभर वर आलं.

"याला काहीच जोडलेलं नाही?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. रॉड ते तिथे पडलेत, स्प्रिंगा त्या तिथे. तुम्ही दोन महिने ब्रेक दाबतच नव्हतात, काका. हा अडकलेला दांडा दाबत होतात. सगळा जोर त्यात जायचा, उरलासुरला ब्रेकला मिळायचा. आणि एकदा खाली गेलेलं परत वर येणार कसं? म्हणून चाक धरून बसायचं."

काकांनी आपल्या उजव्या मांडीवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवला.

दांडा काढायला दीड तास गेला. रॉकेल सोडून मुरू द्यायचं, लाकडी ठोकळा धरून हातोड्याने दोन ठोके द्यायचे, पुन्हा रॉकेल. घाईने मारलं तर दांडा वाकतो, म्हणून मिस्त्रीचं नाव इथे त्याच्या कामी आलं. शेवटी दांडा बाहेर सरकला तेव्हा त्याच्यावर तांबड्या गंजाचा थर होता. ग्रीस भरायचं भोक वाळलेल्या मातीने बुजलेलं होतं. आत ग्रीसचा थेंब नव्हता.

"पाणी गेलंय आत," मिस्त्री स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. "थोडंथोडकं नाही. वर पत्रा आहे, पाऊस तर लागत नाही. मग इतकं पाणी आलं कुठून?"

बोलून गेला आणि त्याची नजर लख्ख बॉनेटवर गेली. मग काकूंकडे गेली, आणि त्याने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"मी धुतला," काकू म्हणाल्या.

"काकू, तसं काही नाही, जुना झाला की..."

"मी धुतला रे. हे पलंगावर होते तेव्हा. दर शनिवारी, नळी लावून. उठून येतील तेव्हा कळकट दिसायला नको म्हणून. आणि पायाशी चिखल बसलेला असतो ना, तिथे तर पाण्याचा जोर लावून लावून धुवायची." त्यांनी त्या तांबड्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "अति तिथे माती म्हणतात ती हीच. म्हणजे हे माझ्यामुळे?"

मिस्त्रीला खोटं बोलायचं होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच मनापासून बोलायचं होतं. पण काका समोर उभे होते.

"ग्रीस भरलं असतं तर पाणी आत गेलं नसतं," तो म्हणाला. "पण हो. पाण्यामुळे."

"यांच्या पायामुळे नाही?"

"पायामुळे नाही."

आता काकू रडणार असं मिस्त्रीला वाटलं, आणि रडल्याही त्या, पण भलत्याच तोंडाने. "अहो, ऐकलंत का?" त्या काकांचा दंड धरून हलवत म्हणाल्या. "चूक माझी आहे! पूर्ण माझी! तुमचा पाय चांगला आहे. तुमच्या पायाला काही धाड भरलेली नाही!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. चूक पदरात पडल्यावर इतका आनंद झालेलं माणूस मिस्त्रीने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. चार महिन्यांचे शनिवार फुकट गेले, ट्रॅक्टर बिघडला, खांब पडला, आणि ही बाई ते सगळं आपल्या नावावर मागून घेत होती. त्याने तोंड फिरवलं आणि पॉलिश पेपर शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता.

पुढचं काम सरळ होतं. दांडा चकचकीत होईपर्यंत घासला, तारेने ग्रीसचं भोक मोकळं केलं, पिचकारीने ग्रीस भरलं. चाकांचे ड्रम उघडून पाहिले. आतले ब्रेकचे लायनर वरून भाजले होते, पण जाडी शिल्लक होती, तेही घासून घेतले. नवे नट घातले. दोन्ही पेडलं दीड बोट मोकळी जातील असे नट आवळले, आणि डावं-उजवं सारखं आहे का ते तीनदा पाहिलं. पकडीने कुरतडलेला जुना नट काकांनी मागून घेतला आणि खिशात टाकला.

दुपार उलटली होती. काका सीटवर चढले. चढायला त्यांना वेळ लागला, आणि मिस्त्रीने मदतीला हात पुढे केला नाही. शेडसमोरच्या लहानशा उतारावर त्यांनी ट्रॅक्टर सोडला. मिस्त्रीचं लक्ष चाकावर नव्हतं, त्यांच्या उजव्या हातावर होतं. हात स्टिअरिंगवरच राहिला. पाय खाली गेला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी, सरळ, थांबला.

"पुन्हा," मिस्त्री म्हणाला.

दहा वेळा झालं. दहाव्या वेळेला पाय थोडा थरथरला. मिस्त्रीने दोन्ही चाकांना हात लावून पाहिला, दोन्ही सारखीच कोमट होती. मग तो सीटजवळ जाऊन उभा राहिला.

"आता खरं सांगतो. काकूंना हवं तसं नाही, तुम्हाला वाटत होतं तसंही नाही. पाय पूर्वीचा राहिलेला नाही. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर जाऊ नका, आणि दमलात की उतरा. बाकी शेत तुमचं, ट्रॅक्टर तुमचा. उद्या ताई आल्या की मी येतो आणि त्यांनाही हेच सांगतो."

काकांनी मान हलवली. इंजिन बंद केलं. खाली उतरायची त्यांना घाई दिसत नव्हती. काकू चाकाला टेकून उभ्या होत्या, डोळे अजून लाल.

"आता नाही हो धुणार मी त्याला," त्या म्हणाल्या. "फडक्याने पुसीन."

"शनिवारी मला आवाज यायचा," काका म्हणाले. "नळीचा. पलंगावर आडवं पडून खिडकीतून काही दिसायचं नाही. म्हणून मागे उशा लावून बसायला लागलो. बसलं की ट्रॅक्टरचा नुसता टप दिसायचा. एका शनिवारी गज धरून उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर कसे उभे राहिलात?"

"तुम्ही खिडकीत असायचात?" काकूंनी मान वर केली. "मला वाटायचं झोपलेत. हाक नाही का मारायची?"

"हाक मारली असती तर नळी टाकून आत धावत आली असतीस."

"मग? त्यात काय? ट्रॅक्टर काय पळून जाणार होता?"

"ट्रॅक्टर तीस वर्षं बघतोय मी," काका म्हणाले. "त्याला बघायला कोण उठतंय?"

काकूंनी मिस्त्रीकडे पाहिलं, तो पाने पुसण्यात गुंतला होता. मग त्यांनी पायरीवर हात ठेवला, काकांच्या उजव्या बुटाशेजारी.

"दाबा बघू पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या.